एकशे चौऱ्याऐंशी खुंट्या

९ जानेवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

प्रकृती ठीक आहे, वजन थोडे उतरले आहे आणि तळहातांना घट्टे पडले आहेत. क्षेमकुशल एवढ्यावर संपवते, कारण आज मला तुझ्याकडून निवाडा हवा आहे.

विम्याच्या कचेरीतली बारा वर्षांची नोकरी सोडून मी नेमके काय करते, असे तू विचारले होतेस. मागच्या खेपेस मी सांगितले तेव्हा ‘चिखलात खेळते’ असा तू त्याचा सारांश काढलास. तो खोटा नाही, अपुरा आहे. आम्ही एकवीस माणसे मिळून स्वतःच्या हातांनी एक दुमजली सामायिक घर बांधत आहोत. खाली कार्यशाळा आणि स्वयंपाकघर, वर सहा खोल्या. भिंती माती आणि पेंढ्याच्या, गिलावा चुन्याचा, आणि सारा सांगाडा ओल्या लाकडाचा. ओले म्हणजे रस्तारुंदीत गेल्या पंधरवड्यात तोडलेल्या झाडांचे, ज्याच्यातला रस अजून आटलेला नाही असे. ओल्या लाकडात पटाशी सहज शिरते. ना मोठी यंत्रे लागत, ना वाळवण्यासाठी इंधन. तुझे जावई रुग्णालयातली पाळी संपवून येतात आणि गुडघ्यापर्यंत मातीत उभे राहून ती तुडवतात. म्हणतात, दिवसभर लोकांचे रक्तदाब मोजल्यावर स्वतःचा उतरवायला हा उपाय उत्तम आहे.

हे सारे आम्हाला सुतारकाकांनी शिकवले. ते बोलतात कमी आणि दाखवतात जास्त. मात्र त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली असल्याने ते दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेले आहेत. भूमितीच्या बाई, म्हणजे आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या की प्रत्येक गोष्ट काकांना विचारत बसलो तर आपण शिकलो काय? सगळ्यांना ते पटले. म्हणून त्यांच्यामागे जे अडेल ते आपणच विचार करून सोडवायचे असे ठरले. आमचा नियम तुला ठाऊक आहेच. सर्वांचे एकमत झाल्याखेरीज काहीही करायचे नाही आणि मताला कारण जोडल्याखेरीज ते मत धरायचे नाही.

अडले ते खुंट्यांवर. आम्ही खिळे वापरत नाही. तुळईच्या टोकाला जीभ कोरतात, तिला कुसू म्हणतात. ते खांबाच्या खाचेत बसवायचे, दोहोंतून आरपार भोक पाडायचे आणि त्यात अंगठ्याएवढी जाड लाकडी खुंटी ठोकायची. साऱ्या घराचा भार शेवटी या खुंट्यांवर. त्या ओल्या लाकडाच्या असाव्यात की कोरड्या? भूमितीच्या बाई म्हणतात ओल्या. कोरड्या म्हणणारे एकटेच आहेत, ते म्हणजे तुझे व्याही, आमचे बाबा. एकतीस वर्षे बस चालवलेला माणूस. कारण विचारले तर म्हणतात की ओली खुंटी हातात बरी वाटत नाही. आमच्या सभेत हे कारण धरता येईना. तीन सभा झाल्या, चहा संपला, एकमत झाले नाही.

घाई अशासाठी की जागा नगरपालिकेची आहे. करारातली अट अशी की ३१ मार्चच्या आत सांगाडा उभा राहून इमारत खात्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला पाहिजे. नाही झाला, तर मोडून जागा मोकळी करून द्यायची. करारावर जबाबदार व्यक्ती म्हणून सही माझी आहे.

छत्तीस वर्षे तू तर्कशास्त्र शिकवलेस. आता आम्हाला शिकव. तुझा लोभ गृहीत धरून इथेच थांबते.

तुझी,
भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न चौथ्या परिच्छेदात उगवला. तो पहिल्या ओळीत यावयास हवा होता. परंतु लहानपणीही तू भूक लागल्याचे शेजारच्या मांजराच्या हकिगतीने सुरू करून सांगत असस, तेव्हा तक्रार करत नाही.

आता प्रश्नाकडे. ज्या दोन वस्तूंनी कायम एकमेकींना धरून राहावे अशी आपली इच्छा असते, त्यांच्यात होणारा बदल समान असावा लागतो. बदल असमान झाला की त्यांच्यामध्ये फट पडते, आणि फट म्हणजेच सांध्याचा नाश. ओले लाकूड वाळताना आकसते, हे तुम्ही सर्वच मान्य करता. कोरडे लाकूड आकसून चुकलेले असते. म्हणून ओल्या तुळईत कोरडी खुंटी घातल्यास एक आकसेल आणि दुसरी आकसणार नाही. बदल असमान होईल. ओल्या तुळईत त्याच झाडाची, त्याच दिवशी तोडलेली ओली खुंटी घातल्यास दोन्ही बरोबरीने आकसतील. निष्कर्ष असा की खुंटी ओलीच असावी. यात कोणास दोष दिसल्यास त्याने तो नेमक्या वाक्यावर बोट ठेवून दाखवावा.

व्याहीबुवांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. परंतु हातात बरे वाटणे ही भावना झाली, युक्तिवाद नव्हे. बस कोठे थांबवावी याचे कारण त्यांना उतारूंना सांगावे लागत नसेल. सभेत ते सांगावे लागते. हे वाक्य गाळून वाचू नकोस, मी ते विचारपूर्वक लिहिले आहे.

जेवणाच्या वेळा पाळ. वजन उतरल्याची बातमी तू फुशारकीने दिली आहेस. ती मला तशी वाटली नाही. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागावयास नकोत.

आत्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सांगाडा उभा राहिला! आधी हे वाक्य लिहिले. बाकीचे आता क्रमाने.

तुझे पत्र मी सभेत वाचून दाखवले. बाबांनी दुसरा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला, मग तिसऱ्यांदा. बस आणि उतारूंचे वाक्य आले तेव्हा सर्वांत मोठ्याने तेच हसले. मग म्हणाले की विहीणबाईंना देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि उत्तर नसताना अडून बसणे हा हट्ट झाला. त्यांनी हात वर केला. एकवीसही हात वर झाले. त्या रात्री जेवताना ते गप्प होते. पण ते वांग्याची भाजी असली तरीही गप्पच असतात, म्हणून मी फार मनावर घेतले नाही.

त्यानंतर आम्ही खुंट्यांना लागलो. ओंडका पाचर घालून उभा चिरायचा, म्हणजे लाकूड आपल्याच रेषेने फाटते. मग घोडा म्हणतात त्या बाकावर बसून, पायाने दाबून, दोन मुठींच्या सुरीने तासत जायचे. शिंपीकाकांचा हात यात सर्वांत साफ निघाला. म्हणतात, कापडासारखेच आहे, उभ्या धाग्याने जावे. अशा एकशे चौऱ्याऐंशी खुंट्या केल्या. परवा सकाळी सातला दोर लावले आणि एकेक चौकट ओढून उभी केली. शेवटची आडवी तुळई जागेवर बसली तेव्हा भूमितीच्या बाईंनी गुण्या लावून काटकोन पाहिला आणि दोनदा पुसले, डोळे आणि चष्मा.

शेवटची खुंटी बाबांनी ठोकली. मी मुद्दाम त्यांच्याच हातात मोगरी दिली.

तुझ्या युक्तिवादावर आमचे घर उभे आहे, आत्या. लोभ वाढला तर ठेवायला आता वरच्या मजल्यावर जागाही आहे.

तुझी,
भिंगरी


४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडले. आता जसे होईल तसे पाठवते.

काल सुतारकाका परत आले. काळा चष्मा, डॉक्टरांनी मान वर करायला मनाई केलेली. सगळे त्यांच्याभोवती जमलो होतो, कौतुक ऐकायला. त्यांनी वर पाहिलेच नाही. जवळच्या खांबाला हात लावला, बोटे फिरवत सांध्यापाशी आले आणि बाटलीचे बूच काढावे तशी दोन बोटांनी खुंटी बाहेर काढून माझ्या हातात दिली. मग दुसरी. मग तिसरी. नंतर त्यांनी शांतपणे विचारले की हे कुणी सांगितले.

मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले की सभेने ठरवले, आम्ही सगळ्यांनी. आणि तेवढ्यावर विषय संपवला.

काकांनी सांगितले ते असे. खुंटी अंगठ्याएवढी, ती तीन आठवड्यांत वाळली आणि आकसली. तुळई मांडीपेक्षा जाड, ती वाळायला तीन वर्षे घेईल. म्हणजे भोक होते तेवढेच राहिले आणि खुंटी बारीक झाली. खुंटी आधीच कडकडीत वाळलेली असती, तर ती बारीक झाली नसती; उलट तुळई सावकाश आकसत तिलाच आवळत गेली असती. काकांना ही गोष्ट इतकी उघड वाटत होती की ती सांगावी असे त्यांच्या मनातही आले नाही. माणूस जेवायला बसला की घास तोंडात घाल म्हणून कोणी सांगत नाही, म्हणाले.

बाबांनी कोपऱ्यातल्या खांबाला खांदा लावून जोर दिला. वरून सोडलेला ओळंबा चार बोटे सरकला. घर डुलते आहे, आत्या.

तपासनिसांनी २९ मार्च ही तारीख दिली आहे. काकांच्या मते एकशे चौऱ्याऐंशी नव्या खुंट्या हव्यात, भोके एक सूत वाढवून तितक्याच जाड, आणि पूर्ण वाळलेल्या. उन्हात वाळवल्या तर मे उजाडेल. काल संध्याकाळच्या सभेत सांगाडा उतरवून जागा परत करण्याचा विषय प्रथमच निघाला. एकमत झाले नाही, एवढेच सुदैव. मला मात्र करारावरची माझी सही डोळ्यांपुढून हलत नाही.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण तुझ्यापासून लपवले असते तर तू मला तो दोष नक्की दिला असतास.

तुझी,
भिंगरी


७ मार्च

रा. रा. व्याहीबुवा यांस स. न. वि. वि.

हे पत्र मी भिंगरीऐवजी आपणांस लिहीत आहे, कारण मी अपराध आपला केला आहे.

माझ्या युक्तिवादात एक गृहीतक होते, जे मी लिहिले नाही. ते मला दिसलेच नाही. एकाच झाडाचे दोन तुकडे एकाच वेगाने वाळतात, असे मी मानून चालले. ओला रुमाल आणि ओली गादी मी कैक वर्षे एकाच गच्चीवर वाळत घालते. रुमाल दुपारी घडी करून ठेवते आणि गादीकडे तीन दिवस पाहत बसते. तरीही खुंटी आणि तुळई यांच्याविषयी लिहिताना ती गच्ची मला आठवली नाही. वाक्ये एकमेकांत नीट बसत होती. मी त्यांनाच सांधा समजले.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. आपणांस उत्तर सुचले नाही म्हणून आपण हात वर केलात. एखाद्याला उत्तर न सुचणे म्हणजे त्याचे म्हणणे चुकीचे असणे नव्हे, हा पाठ मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवीत असे. आपल्या बाबतीत मी तो गुंडाळून ठेवला, आणि वर बसच्या थांब्यावरून आपणांस टोमणा मारला. ते वाक्य मी विचारपूर्वक लिहिले होते, म्हणून ते तितक्याच विचारपूर्वक मागे घेते. हे पत्र आपण सभेत वाचून दाखवावे. पहिले वाचले गेले, तर दुसरेही वाचले गेले पाहिजे.

भिंगरीने त्या करारावर सही केली आहे. तिचे आईवडील गेल्यानंतर मी तिला वाढवले. दिलेला शब्द मोडता येत नाही हे तिला मीच शिकवले, आणि आता माझ्याच शब्दामुळे तिचा मोडण्याची वेळ आली आहे. मला काही काम सांगा. सल्ला देण्याचे नको.

आपल्या घरातील सर्वांस यथायोग्य नमस्कार. राग धरला असल्यास तो वाजवी आहे.

आपली विहीण


९ मार्च

विहीणबाईंस नमस्कार वि. वि.

तुमचे पत्र सभेत वाचले. शिंपीकाकांनी रुमाल-गादीच्या जागी मान डोलावली. तुम्ही सांगितलेत म्हणून वाचले; माझ्या मनाने वाचले नसते. या पत्राचे शुद्धलेखन सूनबाईंनी तपासू नये अशी तंबी दिली आहे, तेव्हा चुका माझ्या समजाव्यात.

राग म्हणाल तर आठवडाभर होता. तुमच्यावर कमी, माझ्यावर जास्त. एकतीस वर्षे गाडी चालवताना ब्रेक हलका लागला की मी गाडी आगारात परत नेत असे. वरचा साहेब कारण विचारी, मी म्हणे पायाला कळले. साहेब चिडे, पण गाडी तपासली जाई. इथे हाताला कळले आणि मी हात वर केला. तेव्हा अर्धी चूक माझी. वाटून घेऊ, व्याही-विहिणींत वाटून घ्यायला दुसरे आहे तरी काय.

आता काम. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. अकरा वर्षे माझी गाडी तिच्यासमोर उभी राहायची, भट्टीवाला माझ्या ओळखीचा आहे. त्याच्या भट्टीच्या माथ्यावर एक लांब फळी आहे. भट्टी कधी विझत नाही, ती ऊब फुकट जाते. आम्ही सगळे परवापासून खुंट्या तासतोय, जरा जाडच ठेवल्यात. दोनशे नग चार पोत्यांत भरून अकरा तारखेच्या दुपारच्या गाडीने येतील. गाडीवरचा माणूस माझ्या हाताखाली शिकलेला आहे, पोती दारात आणून देईल. फळीवर पसरायच्या, दोन वेळा उलटायच्या, आणि रोज वजन करायचे. सुतारकाका म्हणतात वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले. त्यांना ते हातात घेऊन कळते. तुम्ही तराजूने करा, तुमचा विश्वास तराजूवर बसेल.

बावीस तारखेपर्यंत परत हव्यात. लोभ आहेच, खुंट्या पाठवल्यात तर तपासूनही बघता येईल.

तुमचा व्याही


२१ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

अहवाल पाठवीत आहे. काही भाग तुला विनोदी वाटेल. तो तसा लिहिलेला नाही.

भट्टीवाल्याने प्रथम साफ नकार दिला. ही पिठाची जागा आहे, लाकडाची वखार नव्हे, असे त्याचे म्हणणे. मी दहा मिनिटे मुद्देसूद बोलले. त्याचा नकार प्रत्येक मुद्द्यागणिक पक्का होत गेला. शेवटी मी बोलणे थांबवून पहिले पोते स्वतःच उचलू लागले, तेव्हा तो धावत आला आणि उरलेली तीन त्याने वर चढवली. युक्तिवादाच्या मर्यादांविषयी मी या महिन्यात बरेच शिकत आहे.

दोनशेंपैकी बारा खुंट्यांवर मी क्रमांक घातले आणि टपालाच्या तराजूवर त्यांचे रोज सकाळी व सायंकाळी वजन केले. पहिली पहिल्या दिवशी तीनशे दहा ग्रॅम होती. चौथ्या दिवशी दोनशे पासष्ट, आठव्या दिवशी दोनशे वीस. काल सकाळी दोनशे चौदा, काल सायंकाळी दोनशे चौदा, आज सकाळी दोनशे चौदा. उरलेल्या अकरांचीही हीच कथा आहे. संपूर्ण तक्ता सोबत जोडला आहे. मधल्या एका सकाळी चार खुंट्यांचे वजन वाढलेले आढळले. मी अस्वस्थ झाले. चौकशीअंती कळले की एका कारागिराने त्यांच्यावर कणकेचे ओले फडके वाळत घातले होते. त्याला समज दिली आहे. त्याने उलट मला खुंटीबाई हे नाव दिले आहे, आणि आता ते गल्लीभर झाले आहे.

नऊ खुंट्या तडकल्या. त्या बाजूस काढल्या. एकशे एक्याण्णव शाबूत आहेत, तुम्हास एकशे चौऱ्याऐंशी लागतात. एक आणखी सांगते. वाळलेली खुंटी दुसऱ्या खुंटीवर आपटली की तिचा आवाज बदललेला असतो. हे मी तक्त्यात लिहिलेले नाही, कारण ते मोजता आले नाही. तरी व्याहीबुवांना कळव की मला ते ऐकू आले.

पोती उद्या सकाळच्या गाडीने निघतील. जेव, झोप, आणि सही आठवून रडू नकोस. सही अजून शाबूत आहे.

आत्या


३० मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मंजूर! मंजूर! मंजूर! तू म्हणशील एकदा लिहिले असते तरी अर्थ तोच झाला असता. नसता झाला.

तुझी पोती आली तेव्हा सुतारकाकांनी एक खुंटी उचलली, तळहातावर तोलली, कानाशी नेऊन नखाने वाजवली आणि फक्त मान हलवली. मग सहा दिवस आम्ही दुसरे काही केले नाही. कोणत्याही सांध्यातून एका वेळी एकच जुनी खुंटी काढायची, गिरमिटाने भोक सूतभर वाढवायचे, नवी खुंटी मापात तासायची, ठोकायची. भूमितीच्या बाई खडूने खूण करत मागून येत. जुन्या खुंट्या ठोकताना मऊ आवाज यायचा. नव्या आत जाताना सबंध खांब घुमायचा. शेवटच्या ओळीला येईपर्यंत बाबांचा खांदा सुजला होता. तरी मोगरी खाली ठेवायला तयार नव्हते.

काल तपासनीस आले. सडपातळ गृहस्थ, हातात नियमांचे जाड पुस्तक. म्हणाले की या पुस्तकात ओल्या लाकडाच्या सांगाड्याचे पानच नाही, म्हणून मी काही मानून चालणार नाही, फक्त मोजणार. (तुला आवडले असते, आत्या.) वरच्या मजल्यावर वाळूची एकशे चाळीस पोती रचली. मग कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्याला साखळी बांधून कप्पीने बाजूला ओढायला लावले. ओळंबा एक इंच, म्हणजे आठ सूत सरकला तरी चालतो. त्याहून अधिक सरकला तर नापास. साखळी ताणली तसा सांगाडा कुरकुरला. शिंपीकाकांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण सही माझी होती.

ओळंबा दीड सूत सरकला. साखळी सोडली तेव्हा परत शून्यावर आला.

तपासनिसांना वाटले की दोरी कुठेतरी अडकली. त्यांनी स्वतः शिडीवर चढून ओळंबा पुन्हा बांधला. पुन्हा ओढले. दीड सूत. मग उलट्या बाजूने ओढायला लावले. दीडच. मग म्हणाले की एक खुंटी काढून दाखवा, आतून पाहायची आहे. बाबांनी मोगरीने अकरा घाव घातले; हलली नाही. तपासनिसांनी कोट काढून शिडीवर टाकला आणि मोगरी स्वतः घेतली. पंधराव्या घावाला मोगरीचे डोके दांड्यातून निघून मातीच्या ढिगात पडले. खुंटी होती तिथेच. बाबा अत्यंत आदराने म्हणाले की साहेब, आता आतून पाहायचे तर घर मोडावे लागेल, आणि ते मोडत नाही हेच आपण पाहायला आला होता. साहेब हसत सुटले. एकवीस माणसे त्यांच्याबरोबर हसली, काही रडत रडत.

पण खरी बातमी पुढेच आहे. अहवाल लिहिताना त्यांनी विचारले की खुंट्या पूर्ण वाळल्या होत्या याला पुरावा काय. काकांचा हात फायलीला जोडता येत नाही. मी तुझा तक्ता पुढे केला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कणकेच्या फडक्याची नोंदसुद्धा, आणि विचारले की हे कोण्या प्रयोगशाळेने केले. मी म्हटले, माझ्या आत्याने, बेकरीत. त्यांनी तो अहवालाला जोडला आणि सांगितले की यापुढे कोणीही ओल्या लाकडात घर बांधायला निघाले तर खाते त्याच्याकडून असाच तक्ता मागेल. त्यांच्या पुस्तकात जे पान नव्हते, त्या जागी आता तुझ्या हस्ताक्षरातले पान आहे.

संध्याकाळी सभा झाली. शेजारची दुसरी इमारतही आपणच बांधायची, या ठरावावर एकवीस माणसांचे बावीस हात वर गेले. बाबांनी दोन केले. एक तुझा, म्हणाले.

आता लोभ असू दे असे लिहिणार नाही. तो एकशे चौऱ्याऐंशी ठिकाणी ठोकलेला आहे.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद, आणि व्याहीबुवांस स. न. वि. वि.

पत्र सकाळी मिळाले तेव्हा मी बेकरीत होते. तेथे मला आता काही काम नाही. तरी सकाळी सात वाजता पाय तिकडे वळतात आणि भट्टीवाला न विचारता स्टूल पुढे सरकवतो. पाकीट पाहताच कारागीर कणकेचे हात तसेच ठेवून भोवती जमले. मी मनात वाचू लागले, त्याला त्यांनी हरकत घेतली. फळी त्यांची, ऊब त्यांची. हरकत रास्त होती. म्हणून मी उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले.

ओळंबा दीड सूत सरकल्याचे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. सूत म्हणजे किती, असे एकाने विचारले. मी पावाच्या पिठावर बोटाने रेघ ओढून दाखवली. मोगरीचे डोके निघाल्याचे ऐकून भट्टीवाला खाली बसला. तक्त्याच्या परिच्छेदापाशी आल्यावर मी पत्र फडकेवाल्या कारागिराच्या हाती दिले आणि तो मजकूर त्याने पूर्ण केला. त्याने स्वतःच्या फडक्याचा उल्लेख सरकारदरबारी पोचल्याचे वाचले आणि तो अतिशय ताठ उभा राहिला.

व्याहीबुवा, सभेत आपण माझा म्हणून जो हात वर केलात, त्याबद्दल मला विचारले नव्हते. विचारले असते तर मी दोन्ही वर केले असते. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे येत आहे. दुसऱ्या इमारतीच्या खुंट्या तासताना मला घोड्यावर बसावयाचे आहे. गुडघे कुरकुरतील, ते दीड सुतापेक्षा अधिक सरकणार नाहीत अशी आशा आहे. भट्टीवाल्याने फळी आतापासूनच रिकामी करून ठेवली आहे.

एक नोंद राहिली. वादस्पर्धांची परीक्षक म्हणून मी उभ्या आयुष्यात शेकडो सभा ऐकल्या. परीक्षकाने टाळ्या वाजवू नयेत, हा नियम मी स्वतः घालून घेतला होता आणि तो एकदाही मोडला नव्हता. आज पत्र संपले आणि पहिली टाळी माझी पडली. त्यानंतर सगळेच वाजवू लागले. पिठाचा एवढा धुरळा उडाला की रस्त्यावरून जाणारे लोक आत डोकावून काय झाले म्हणून विचारू लागले. मी त्यांना सांगितले की आमचे घर उभे आहे.

तुमची,
आत्या आणि विहीण